बॅटरी गेली की चार्जिंगच होत नाही? इन्व्हर्टरची तपासणी पायरीपायरीने

लाइट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि दहा मिनिटांत शिट्टी मारत बंद पडला, की घरोघरी एकच निष्कर्ष निघतो: बॅटरी गेली. दुकानात फोन होतो, जुनी परत जाते, वर पैसे मोजून नवी येते. काही घरांत हे दर दीड-दोन वर्षांनी चालू असतं. मला हे पाहून वाईट वाटतं, कारण चांगली ट्युब्युलर (नळीदार प्लेटची) बॅटरी नीट सांभाळली तर पाच वर्षं आरामात काढते. अर्धवट चार्जिंग, जास्तीचं चार्जिंग, उष्णता किंवा चुकीचं पाणी यांपैकी काहीतरी तिला वेळेआधी संपवतं. ते कारण न शोधता नवी बॅटरी बसवली, तर तिचीही तीच गत होते.

म्हणून पैसे मोजण्याआधी दोष बॅटरीत आहे, चार्जरमध्ये आहे की घरात येणाऱ्या लाइटमध्ये, हे ठरवायचं. उदाहरणासाठी घरोघरी दिसणारी जोडी धरू: १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) पाण्याची ट्युब्युलर बॅटरी आणि तिच्यावर साइन वेव्ह इन्व्हर्टर. कॉम्प्युटरच्या यूपीएसमधल्या छोट्या बंद बॅटरीबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

आधी सुरक्षितता

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक बिनधास्त हात घालतात. पण दोन टर्मिनलवर पान्हा आडवा पडला तर क्षणात शेकडो अँपिअर करंट वाहतो, पान्हा लालबुंद होतो आणि चिकटून बसतो. अंगठी, कडं, बांगड्या, लोंबणारी साखळी किंवा मंगळसूत्र आधी काढून ठेवा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तेव्हा बॅटरीजवळ उदबत्ती, निरांजन, सिगारेट काही नको. जिन्याखाली बॅटरी आणि वरच देव्हारा अशी मांडणी अनेक घरांत असते, ती बदला.

वायर काढताना आधी इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा, मग भिंतीतला प्लग काढा, त्यानंतर निगेटिव्हची वायर आणि शेवटी पॉझिटिव्हची. जोडताना उलट: आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. इन्व्हर्टरचं खोकं स्वतः उघडू नका. आत २३० व्होल्ट असतात. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे जा.

साहित्य फार लागत नाही: डिजिटल मल्टिमीटर, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी), पान्हा, रबरी हातमोजे, चष्मा, टॉर्च, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश आणि पेट्रोलियम जेली. मल्टिमीटर आणि हायड्रोमीटर दोन्ही मिळून नव्या बॅटरीच्या किमतीच्या एका कोपऱ्यात बसतात. प्रत्येक इन्व्हर्टरवाल्या घरात ते असावेत असं माझं ठाम मत आहे.

पायरी १: नुसतं नीट पाहा

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी साठली आहे का? कोकणात आणि गोव्यात खाऱ्या, दमट हवेत ती फार लवकर धरते. वायर सोडवून गरम पाण्यात सोडा कालवून ब्रशने घासा, कोरडं करा, नट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. सोड्याचं पाणी सेलच्या (बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी कुठल्याही) आत जाऊ देऊ नका, तो आतल्या ॲसिडला निकामी करतो.

मग बॅटरीच्या बाजू पाहा. फुगल्या असतील, कुठे तडा असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा डबा हाताला चटका देण्याइतका गरम असेल, तर पुढचं काही तपासू नका. प्लग काढा, खिडक्या उघडा, बॅटरी थंड होऊ द्या आणि माहीतगार माणसाला बोलवा.

आता पाण्याची पातळी. सहाही सेलचे फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते दांडे) पाहा. लाल खूण दिसत असेल तर पाणी कमी आहे. फक्त एकाच सेलचं पाणी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर तो सेल लक्षात ठेवा, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

पायरी २: मोकळ्या बॅटरीचं व्होल्टेज

बॅटरी रात्रभर चार्ज करा, मग वायर सोडवून तीन-चार तास तशीच ठेवा. चार्जिंग थांबल्याबरोबर मोजलं तर आकडा फुगवून दिसतो, त्यावर विश्वास ठेवता येत नाही. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावून टर्मिनलवर टेकवा.

साधारण १२.५ ते १२.७ म्हणजे भरलेली. १२.१ च्या आसपास म्हणजे अर्धी. ११.८ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. १०.४ ते १०.६ वर अडकलेला आकडा मात्र वेगळी गोष्ट सांगतो. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो, असे सहा मिळून बॅटरी होते. बरोबर एका सेलइतकं व्होल्टेज कमी दिसत असेल तर एक सेल आतून शॉर्ट झालेला असण्याची दाट शक्यता आहे.

१२.६ दिसलं म्हणून बॅटरी ठणठणीत, असं मात्र समजू नका. या आकड्यावरून बॅटरी किती भरली आहे ते कळतं, तिच्यात किती मावतं ते कळत नाही. दुकानातला माणूस नुसतं मीटर टेकवून ‘चांगली आहे’ किंवा ‘गेली’ म्हणाला, तर त्याला पुढच्या तपासण्या करायला सांगा.

पायरी ३: चार्जिंग चालू असताना काय होतं

सगळ्या तपासणीचं मर्म इथे आहे, म्हणून इथे घाई नको. वायर पुन्हा जोडा. घरातला मेन स्विच बंद करून इन्व्हर्टरवर तासभर पंखे-दिवे चालवा, म्हणजे बॅटरी थोडी उतरेल. मग मेन चालू करा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा: लगेच, अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि मग सकाळी. आकडे कागदावर लिहा.

निरोगी जोडीत सुरुवातीला १२.८ ते १३.२ दिसतं. हळूहळू चढत ते १४.२ ते १४.४ पर्यंत जातं, तिथे काही तास थांबतं आणि बॅटरी भरली की उतरून १३.५ ते १३.८ वर स्थिरावतं. सेटिंगप्रमाणे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण चढणं, थांबणं आणि उतरणं या तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात.

आकडा १२.३-१२.४ वरून हलतच नसेल, तर चार्जिंग होतच नाही. बॅटरीला दोष देऊ नका. इन्व्हर्टरच्या मागचा फ्यूज किंवा छोटा एमसीबी पडला आहे का ते पाहा, प्लग-सॉकेटमध्ये लाइट आहे का तपासा. हे ठीक असेल तर चार्जरचा रिले किंवा आतला बोर्ड बिघडलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो.

आकडा पंधरा-वीस मिनिटांतच १४.४ वर पोचला, इन्व्हर्टर ‘फुल’ दाखवतो, पण बॅकअप दहा मिनिटांचा, तर बॅटरीत सल्फेट धरलं आहे. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं आणि चार्जिंगमध्ये ते परत विरघळतं. बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट राहिली की त्याचे कडक खडे बनतात आणि ते मग विरघळत नाहीत. प्लेटचा जेवढा भाग त्यांनी व्यापला तेवढी बॅटरी कमी झाली. इथे एक फसवं कारणही असू शकतं: गंजलेला लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावर आवळलेल्या लगवर टेकवा, इन्व्हर्टरवर लोड चालू असू द्या. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अडथळा त्या जोडावर आहे. मग दुरुस्ती सँडपेपर आणि पान्ह्यावर भागते.

दहा-बारा तास झाले तरी आकडा १३ च्या आसपासच रेंगाळतो आणि बॅटरी गरम होते, तर शॉर्ट सेलचा संशय घ्या. चार्जर १४.४ गाठायची वाट पाहत राहतो, ते कधी येत नाही, आणि उरलेले पाच सेल उकळत राहतात. बॅटरी गरम नसेल आणि तरी आकडा चढत नसेल, तर चार्जर अशक्त आहे. इलेक्ट्रिशियनकडे डीसी क्लॅम्प मीटर असतं. १५० एएचच्या उतरलेल्या बॅटरीत सुरुवातीला १५ अँपिअरच्या आसपास करंट जायला हवा.

आणि आकडा १५ च्या पुढे जाऊन तिथेच राहत असेल, दर पंधरा दिवसांनी पाणी घालावं लागत असेल, तर चार्जर बॅटरीला जाळतो आहे. प्लग काढा. असा इन्व्हर्टर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

पायरी ४: हायड्रोमीटर, एकेक सेल

मल्टिमीटर सहा सेलची बेरीज सांगतो, हायड्रोमीटर प्रत्येकाची हकिकत सांगतो. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, आणि नुकतं पाणी घातलेलं नसताना, एका सेलचं झाकण काढा. रबरी फुगा दाबून नळी आत बुडवा आणि आतला काचेचा तरंगता भाग मोकळा होईपर्यंत ॲसिड वर घ्या. नळी उभी धरा, तरंग काठाला चिकटू देऊ नका, डोळे पातळीच्या रेषेत आणा आणि वाचा. ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडा. सेलना १ ते ६ नंबर देऊन आकडे लिहा.

घरगुती ट्युब्युलर बॅटरीत २७ अंश तापमानाला भरलेल्या सेलची घनता साधारण १.२४० असते, काही कंपन्या थोडी जास्त ठेवतात, बॅटरीवरचं लेबल पाहा. १.१८० च्या आसपास म्हणजे सेल अर्धा, १.१२० म्हणजे रिकामा. ॲसिड गरम असेल तर आकडा किंचित कमी दिसतो, दर १० अंशांना साधारण ०.००७.

सहाही सेल १.१८०-१.१९० वर एकसारखे असतील, तर आनंदाची बातमी आहे: बॅटरी उपाशी आहे, मेलेली नाही. सलग २४ तास चार्ज करून पुन्हा मोजा; आकडे चढले तर दोष अपुऱ्या चार्जिंगचा. पाच सेल १.२३०-१.२४० आणि एकच १.१५० वर असेल, आणि सलग २४ तासांनंतरही त्यात ०.०५० पेक्षा जास्त तफावत राहिली, तर तो सेल गेला. एक सेल गेला की बॅटरी गेली, इथे भावनेला वाव नाही.

एक कळकळीची सूचना. घनता कमी दिसली म्हणून ॲसिड घालू नका, आणि ‘जुनं ॲसिड ओतून नवं भरून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. उन्हाने, चार्जिंगने उडतं ते पाणी. ॲसिड बॅटरीतच असतं, सल्फेटच्या रूपात प्लेटवर बसलेलं. वरून कडक ॲसिड ओतल्यावर हायड्रोमीटर छान आकडा दाखवतो, काही आठवडे बरं चालतं, आणि प्लेट आतून खाल्ल्या जातात. शिवाय ते ओतलेलं शिसेमिश्रित ॲसिड कुणाच्या तरी गटारात, कुणाच्या तरी विहिरीपर्यंत जातं.

पायरी ५: लोडवर कस

बॅटरी पूर्ण भरलेली असताना मेन बंद करा आणि साधारण ३०० वॅटचं लोड लावा: तीन जुने पंखे आणि तीन-चार एलईडी ट्यूब धरा. बॅटरीतून सुमारे ३० अँपिअर जातील. चांगल्या बॅटरीत दहा मिनिटांनंतरही १२ च्या आसपास व्होल्टेज दिसतं. दहा-पंधरा मिनिटांतच ते ११ च्या खाली घसरत असेल तर बॅटरीत दम उरलेला नाही.

किती तास चालायला हवी, याचा अंदाजही नीट घ्यावा. १५० एएच हा आकडा २० तासांच्या सावकाश डिस्चार्जचा असतो, म्हणजे ७.५ अँपिअर. ३० अँपिअर ओढले की तीच बॅटरी साधारण १२० एएच देते, म्हणजे नवी असतानाच चार तास. पाच पंखे, फ्रिज आणि टीव्ही लावून ‘दोन तासांत बंद पडते’ ही तक्रार बॅटरीवर अन्याय करते. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. बॅकअप कमी पडतो म्हणून मोठी बॅटरी घेण्यापेक्षा दोन पंखे बदलणं मला नेहमी शहाणपणाचं वाटतं.

बॅटरीही चांगली, चार्जरही चांगला, तरी चार्ज होत नाही

ही तक्रार गावाकडे जास्त. संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागतात, कुठे पिठाची गिरणी, कुठे मोटार चालू असते आणि घरातलं व्होल्टेज १७० वर येतं. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असं बटण असतं. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतलीच लाइट स्वीकारतो. त्याखाली गेली की मीटर फिरत असूनही तो बॅटरीवर जातो! लाइट आहे, पण बॅटरी उतरते आहे, आणि घरच्यांना पत्ता नाही. बटण दुसऱ्या मोडवर केलं की बहुतेक इन्व्हर्टर १०० ते २९० च्या पट्ट्यात लाइट घेतात. कॉम्प्युटर किंवा राउटर त्या क्षणिक बदलात बंद पडत असतील तर त्यांच्यासाठी छोटा वेगळा यूपीएस ठेवा. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान सॉकेटमधलं व्होल्टेज एकदा मोजा (मीटर एसीवर, मोठ्या रेंजला, पिनच्या धातूला हात न लावता). रोजच कमी येत असेल तर आकड्यांसकट महावितरणकडे लेखी तक्रार करा.

दुसरं कारण हिशोबाचं. ७५ एएच वापरले आणि चार्जर १५ अँपिअरचा, तर पाच तासांत भरेल असं वाटतं. पण शेवटचा टप्पा संथ असतो आणि वर पंधरा-वीस टक्के जादा द्यावे लागतात. सात-आठ तास धरा. छोट्या इन्व्हर्टरचा चार्जर दहा-बारा अँपिअरचाच असतो. त्यावर ‘जास्त बॅकअप’ म्हणून २०० एएचची बॅटरी गळ्यात मारली आणि गावात लोडशेडिंग असलं, तर ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि वर्षभरात सल्फेट धरते. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या एएचच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा, हे खरेदीच्या वेळीच विचारा. मागे ‘ट्युब्युलर’, ‘फ्लॅट प्लेट’, ‘एसएमएफ’ (पाणी न लागणारी बंद बॅटरी) असं निवडीचं बटण असेल तर ते तुमच्या बॅटरीशी जुळतं का तेही पाहा.

उन्हाळा, पाणी आणि बंद घर

२५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलेली बॅटरी किती सोसत असेल याचा विचार करा. तिला घरातल्या सर्वांत गार, हवेशीर कोपऱ्यात आणा, भिंतीपासून चार बोटं लांब. तापमान वाढलं की चार्जिंगचं व्होल्टेजही उतरायला हवं, दर अंशाला साधारण ०.०१८ व्होल्ट, म्हणजे २५ ला १४.४ असेल तर ४० ला १४.१ पुरे. काही इन्व्हर्टर हे आपोआप करतात. तुमचा करत नसेल तर उन्हाळ्यात पाण्यावर दर महिन्याला नजर ठेवा.

पाणी फक्त डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं). कॅनवर आयएस १०६९ लिहिलेलं आहे का पाहा, बॅटरीच्या पाण्याचं ते भारतीय मानक आहे. आरओच्या पाण्यात क्षार उरतात. एसीमधून ठिबकणारं पाणी ‘डिस्टिल्डच असतं’ असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात, पण ते धुळीच्या जाळीवरून आणि धातूच्या नळ्यांवरून ओघळत आलेलं असतं. प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या झाकतील एवढंच पाणी घाला, बॅटरी चार्ज करा आणि मग खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड फुगून बाहेर येतं.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी जाणारी लाइट सोडली तर अनेक शहरी घरांत इन्व्हर्टर महिनोन् महिने चालतच नाही. तिथे महिन्यातून एकदा मेन बंद करून तासभर तो चालवा. घर महिना-दोन महिने बंद राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा.

दोन बॅटऱ्या, बंद बॅटरी, लिथियम

२४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. चार्जिंग चालू असताना दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा, एकीवर १४.८ आणि दुसरीवर १३.४ दिसलं तर दोघीही अडचणीत आहेत. एक जुनी, एक नवी अशी जोडी कधीही लावू नका.

कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बंद बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते आणि तिच्यात पाणी घालायचं नसतं. मोकळी असताना १२.८ च्या वर, चार्जिंगवर १३.५ ते १३.८ दिसलं पाहिजे. फुगली असेल तर ओढून काढू नका, यूपीएस बंद करून खोकं उघडवून काढून घ्या.

लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी टिकाऊ असते, पण जुन्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग नसेल तर ती लावू नका.

बदलायचीच वेळ आली तर

आधी चार्जरचे आकडे ठीक करून घ्या, मग नवी बॅटरी आणा. पॅकिंगवरची बनावटीची तारीख वाचून दाखवायला सांगा. सहा-आठ महिने दुकानात पडून राहिलेली नको. वॉरंटी ‘३६+१८’ अशी लिहिलेली असेल तर पहिले ३६ महिने बदलून मिळते आणि पुढचे १८ महिने नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते. कार्डावर तारीख आणि शिक्का दुकानातच घ्या. बसवल्यावर पहिलं चार्जिंग सलग होऊ द्या, मग सहाही सेलची घनता लिहून कागद बॅटरीच्या ट्रॉलीला चिकटवा; दोन वर्षांनी वॉरंटीसाठी भांडायची वेळ आली तर हेच आकडे उपयोगी पडतील.

जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. तिच्या वजनाचा मोठा भाग शिसं असतं आणि ते परत वापरलं जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात परत देताना बिलावर जुन्या बॅटरीची वजावट वेगळी लिहून घ्या आणि ॲसिड घरी ओतून न देता भरलेलीच, उभी धरून द्या.